खांदा निखळला तर बिल कसं बनतं आणि ते कसं वाचायचं

– क्षेत्र समन्वयक, उल्हासनगर कॅम्प नं. ३



गटांची रजिस्टरं तपासताना कर्जाच्या कारणाचा रकाना मी मुद्दाम वाचते. शिलाई मशीन, शेळी, मुलांची फी, घराचे पत्रे अशी कारणं असतात. आणि दर चार-पाच ओळींनंतर एक शब्द येतो, 'दवाखाना'. मशीनच्या कर्जातून मशीन घरात येतं, त्यावर काम करून हप्ता फेडता येतो. दवाखान्याच्या कर्जातून माणूस बरा होतो, ते महत्त्वाचंच आहे, पण हप्ता मात्र तोंडचा घास काढून फेडावा लागतो. म्हणून मी ताईंना विचारते, बिल दाखवता का? बहुतेक वेळा पैसे भरल्याची एक पावती निघते, त्यावर एक मोठा आकडा आणि शिक्का. त्या आकड्यात काय काय होतं, हे कोणालाच सांगता येत नाही.

या अंकात आपण एकच दुखणं घेऊ, खांदा निखळणं. आपल्याकडे हे नेहमीचं आहे. वांगणी-बदलापूरहून लोकलमध्ये चढताना हात दांडीला आणि शरीर गर्दीबरोबर दुसरीकडे, म्हारळ-वरपच्या रस्त्यावर दुचाकी घसरते, पावसाळ्यात ओट्यावरून पाय सरकतो, कपड्यांचं ओझं उचलताना हिसका बसतो. इलाज तसा छोटा आहे, पण बिलात जेवढे प्रकार असू शकतात ते सगळे यात दिसतात. हे एक समजलं की दुसरं बिलही वाचता येईल.

आधी इलाज समजून घेऊ

दंडाच्या हाडाचा वरचा गोळा खांद्याच्या उथळ खोबणीत बसलेला असतो. खोबण उथळ आहे म्हणून हात सगळीकडे फिरतो, आणि उथळ आहे म्हणूनच हा सांधा शरीरातल्या मोठ्या सांध्यांत सर्वात जास्त वेळा निखळतो. बहुतेक वेळा गोळा पुढच्या बाजूला सरकतो. खांद्याची गोलाई जाते, तिथे खड्डा दिसतो, हात हलवता येत नाही.

दवाखान्यात काय होतं? डॉक्टर हाताची नाडी बघतात आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आहे का ते तपासतात, कारण तिथली नस दबलेली असू शकते. मग पहिला एक्स-रे. हाड मोडलंय की नुसतं सरकलंय हे त्यात कळतं. मग दुखणं कमी करणारं किंवा गुंगीचं इंजेक्शन देऊन, कधी पूर्ण भूल देऊन, ठरावीक पद्धतीने हात फिरवून गोळा जागेवर बसवतात. याला कापाकापी लागत नाही आणि नीट जमलं तर काही मिनिटांचं काम असतं. त्यानंतर दुसरा एक्स-रे, नीट बसलाय का बघायला. हात गळ्यातल्या झोळीत अडकवतात, साधारण दोन-तीन आठवडे. मग व्यायाम.

म्हणून दोन एक्स-रे लावले म्हणून भांडू नका, ते दोन्ही लागतात. आणि हो, गावातल्या हाड बसवणाऱ्याकडे आधी जाऊन हिसका मारून घेऊ नका. आत हाड मोडलेलं असेल किंवा नस अडकलेली असेल तर हिसक्याने ते वाढतं, आणि मग काही मिनिटांचं काम ऑपरेशनवर जातं. १०८ नंबरची रुग्णवाहिका मोफत आहे.

कागदावरचा शब्द आणि त्याचा कोड

आता मुख्य गोष्ट. डॉक्टर जे करतात त्याचे पैसे मिळत नाहीत, डॉक्टर जे लिहितात त्याचे मिळतात. सरकारी योजना असो, विमा कंपनी असो, पैसे देणारा माणूस तुमचा खांदा बघत नाही, तो कागद बघतो. कागद पटकन वाचता यावा म्हणून प्रत्येक आजाराला एक कोड दिलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेची यासाठी जगभर चालणारी यादी आहे, तिला आयसीडी म्हणतात. तिच्या दहाव्या आवृत्तीत खांदा निखळण्याचा कोड एस ४३.० आहे. यातला 'एस' म्हणजे जखम, इजा.

पण त्याच यादीत दुसरा एक कोड आहे, एम २४.४. सांधा पुन्हा पुन्हा निखळत असेल तर तो लागतो. हा 'एम' जखमेचा नाही, तो हाडा-सांध्यांच्या आजारांचा आहे. बघा, खांदा तोच, दुखणं तेच. पण एका कोडने ते अपघात ठरतं आणि दुसऱ्याने जुना आजार ठरतं. याचा पैशावर काय परिणाम होतो ते पुढे विम्यात सांगते.

तिसरी गोष्ट, इजा कशी झाली याचेही वेगळे कोड आहेत. सपाट जागी घसरून पडलं तर डब्ल्यू ०१, जिन्यावरून पडलं तर डब्ल्यू १०, रेल्वेत चढता-उतरताना लागलं तर व्ही ८१.४, चालत्या गाडीतून खाली पडलं तर व्ही ८१.६. हे कोड तुम्हाला पाठ करायचे नाहीत. फक्त एवढं लक्षात ठेवा की 'कसं लागलं' हे कागदावर लिहिलेलं असायला हवं, आणि खरं लिहिलेलं असायला हवं.

इथे एक नाजूक बाब लिहितेच. नवऱ्याने हात पिरगळला आणि खांदा उतरला, असंही होतं. दवाखान्यात मात्र 'पडले' असं सांगितलं जातं, सोबत सासू किंवा नवरा स्वतः उभा असतो ना. त्या यादीत जोडीदाराने केलेल्या छळासाठीसुद्धा वेगळा कोड आहे, वाय ०७.०. म्हणजे जगभरच्या डॉक्टरांना हे माहीत आहे, तुम्ही एकट्या नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यानुसार अशा बाईने मदत मागितली तर दवाखान्याला इलाज नाकारता येत नाही, आणि तपासणीच्या अहवालाची प्रत तिला मोफत मिळते. आज तक्रार करायची नसली तरी कागद खरा असू द्या. पुढे कधी कोर्टात गेलात तर तो कागद तुमच्या बाजूने बोलेल. डॉक्टरांशी एकटीने बोलायचंय असं सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. महिला मदत क्रमांक १८१.

आपल्या एका गटातल्या ताईंची मुलगी ऐरोलीला एका कंपनीत रात्रपाळी करते. काम काय, तर अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या कागदांना कोड लावणं. मला तिच्याकडून बरंच समजलं. तिकडे आजाराच्या कोडशिवाय इलाजाचाही कोड लागतो. भूल न देता खांदा बसवला तर २३६५०, भूल देऊन बसवला तर २३६५५. दुसऱ्याचे पैसे जास्त. पण डॉक्टरने भूल दिल्याचं लिहिलेलं नसेल तर दुसरा कोड लावता येत नाही. कागदावर नाही म्हणजे झालंच नाही, असं त्यांच्या कामात मानतात. आणि तिकडच्या सरकारी मेडिकेअर विम्यात खांदा बसवल्यानंतरच्या ९० दिवसांतल्या त्याच दुखण्याच्या नेहमीच्या तपासण्या त्याच पैशात धरतात, वेगळ्या लावता येत नाहीत. जोडून दिलेल्या गोष्टी सुट्या करून वेगवेगळे पैसे लावले तर बिल परत येतं.

मला गंमत वाटली. आपल्या बदलापूरची पोरगी अमेरिकेतल्या माणसाचं बिल बरोबर आहे का ते रात्रभर बघते, आणि तिच्या आईचं बिल कोणीच बघत नाही.

आपल्याकडे खासगी दवाखान्यात रोख पैसे भरणाऱ्याला असा एकच ठरलेला कोड आणि दर नसतो. प्रत्येक दवाखान्याचं आपलं दरपत्रक. सरकारी योजनांमध्ये मात्र प्रत्येक इलाजाला कोड आणि ठरलेली रक्कम असते, तिला पॅकेज म्हणतात.

एक बिल वाचून बघू

खालचे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, कोणत्या दवाखान्याचे नाहीत. वही-पेन घेऊन सोबत मांडा.

दाखल फी ५०० रुपये. खांद्याचा एक्स-रे दोन वेळा, १,४००. खांदा बसवण्याचं पॅकेज १२,०००. ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर ४,०००. भूलतज्ज्ञ ३,५००. खाट एक दिवस २,०००. डॉक्टरांची भेट दोन वेळा १,६००. औषधं आणि साहित्य ३,२००. झोळी १,२००. एकूण २९,४०० रुपये.

पहिला प्रश्न पॅकेजवर. 'पॅकेज' म्हटलं की त्यात काय काय आलं ते विचारायचं. बहुतेक ठिकाणी पॅकेजमध्ये ओटी आणि भूलतज्ज्ञ धरलेले असतात. ते धरलेले असतील आणि खाली पुन्हा वेगळे लावले असतील तर ७,५०० रुपये दोनदा घेतले जातायत. म्हणजे हे बिल २१,९०० चं आहे. धरलेले नसतील तर तसं लेखी दाखवा म्हणायचं.

दुसरा प्रश्न, ओटी खरंच वापरली का? खांदा पुष्कळदा तातडीच्या विभागातच पडद्याआड बसवतात. तिथे बसवला असेल तर ओटीचा आकार कशाचा? आणि गुंगीचं इंजेक्शन त्याच डॉक्टरांनी दिलं असेल, भूलतज्ज्ञ आलेच नसतील, तर भूलतज्ज्ञाची फी कशी? सोबत आलेल्या माणसाने कोण कोण डॉक्टर आले ते वेळेसकट कागदावर लिहून ठेवलं तर हे विचारता येतं. आपण गटाच्या बैठकीचं इतिवृत्त लिहितो तसंच.

तिसरा प्रश्न 'औषधं आणि साहित्य' या ओळीवर. ही एक ओळ मान्य करू नका. कोणतं इंजेक्शन, किती, किंमत काय, अशी सुटी यादी मागा. उरलेली, न वापरलेली औषधं मेडिकलमध्ये परत करता येतात, त्यांची वजावट बिलात दिसली पाहिजे. झोळी बाहेरच्या दुकानातून आणू का, हे आधीच विचारा.

खाट एक दिवस लावलीय, तर दाखल झाल्याची आणि सुटीची वेळ बघा. आणि उजवा की डावा ते सगळ्या कागदांवर एकच आहे ना बघा. हसू नका, एक्स-रेवर उजवा आणि सुटीच्या कागदावर डावा असं झालं की विम्याची फाईल तिथेच अडकते.

हे सगळं दवाखान्यात उभं राहून भांडणाच्या सुरात विचारायचं नाही. बिलाच्या खिडकीवर शांतपणे म्हणायचं, "मला तपशीलवार बिल द्या आणि तुमचं दरपत्रक दाखवा." महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून खासगी दवाखान्याने दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद लोकांना दिसेल अशी लावणं बंधनकारक आहे. बिलाचे पैसे राहिले म्हणून पेशंटला अडकवून ठेवता येत नाही, हेही रुग्णाच्या हक्कांमध्ये येतं.

बिल येऊच नये म्हणून कुठे जायचं

वरचं सगळं खासगीसाठी. पण माझं स्पष्ट मत आहे, खांदा निखळला तर आधी सरकारी दवाखान्याचा विचार करा. कॅम्प नं. ३ मध्ये आपलं मध्यवर्ती रुग्णालय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्या आणि इलाजापर्यंत पैसे घ्यायचे नाहीत असा निर्णय झालेला आहे. तिथे गर्दी असते, थांबावं लागतं, कधी उर्मट बोलणंही ऐकावं लागतं, हे मी नाकारत नाही. पण एक्स-रे काढून खांदा बसवणं हे तिथल्या डॉक्टरांचं रोजचं काम आहे. दोन तास थांबणं आणि वर्षभर हप्ता फेडणं यातलं काय जड आहे ते तुम्हीच ठरवा.

दुसरा दरवाजा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २ जुलै २०१२ ला ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी सगळ्या राज्यात आली आणि २०१७ मध्ये नाव बदललं. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०२० पासून तिच्याबरोबर जोडून चालते. पूर्वी फक्त पिवळं आणि केशरी रेशनकार्ड चालायचं. शासनाने २०२३ मध्ये निर्णय घेतला आणि आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना ही योजना लागू आहे. संपूर्ण कुटुंबाला मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंत इलाज.

इथे तीन गोष्टींत ताईंची फसगत होते. एक, ही योजना ठरलेल्या दवाखान्यांतच चालते, बोर्ड बघून आत जा. दोन, ती दाखल होणाऱ्या पेशंटसाठी आहे. तपासून, खांदा बसवून त्याच दिवशी घरी पाठवलं तर बाह्यरुग्ण विभागाचा खर्च योजनेत येत नाही. तीन, ठरलेल्या यादीतला इलाज असेल तरच मंजुरी मिळते. नुसतं खांदा बसवणं तुमच्या बाबतीत त्यात बसतं का, की सोबत हाड मोडलंय, ऑपरेशन लागणार आहे, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारायचं. आरोग्यमित्र म्हणजे योजनेच्या प्रत्येक दवाखान्यात टेबल टाकून बसलेला माणूस. पैसे भरण्याच्या खिडकीवर जाण्याआधी त्याच्याकडे जा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. तो एक्स-रे आणि कागद वर पाठवतो, मंजुरी येते, मग इलाज. तातडीचं असेल तर फोनवरही मंजुरी घेता येते.

एकदा मंजुरी मिळाली की पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, इलाज, खाट, जेवण सगळं येतं. आयुष्मानच्या पॅकेजमध्ये दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि सुटीनंतरचे १५ दिवसांचा खर्चही धरलेला असतो. 'योजना आहे, पण एवढे वरचे भरा' असं कोणी म्हणालं तर तिथूनच १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन लावा. आयुष्मानचा नंबर १४५५५. भरलेच असतील तर पावती सोडू नका. पावतीशिवाय तक्रार टिकत नाही.

घरात कोणी अंबरनाथच्या किंवा उल्हासनगरच्या कारखान्यात पगारावर असेल आणि पगार महिन्याला २१,००० च्या आत असेल तर कामगार विमा आहे का बघा. पगाराच्या चिठ्ठीवर ०.७५ टक्के कपात दिसते. त्यात कामगाराबरोबर घरच्यांचाही इलाज होतो. कामावर खांदा निखळला तर घरी बसलेल्या दिवसांचे पगाराच्या साधारण ९० टक्के मिळतात. त्यासाठी कामाच्या जागी अपघाताची नोंद झालेली पाहिजे. ती नोंद मालक टाळतात. घरी जीन्सचे तुकडे आणून शिवणाऱ्या ताईंना यातलं काहीच नाही. नगावर पैसे आणि खांदा गेला तर तेही बंद. यावर वेगळं लिहायला हवं, इथे जागा नाही.

रस्त्यावर गाडीचा अपघात असेल तर मे २०२५ पासून केंद्राची नवी योजना आहे. ठरवलेल्या दवाखान्यात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचा इलाज पैसे न भरता होतो. दुचाकीवरून पडलेल्यालाही ती चालते. यासाठी पोलिसांकडून अपघाताची खात्री लागते, म्हणून ११२ ला फोन करून ठेवा.

रेल्वेतून पडून लागलं तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एका वर्षाच्या आत भरपाई मागता येते. तिकीट किंवा पास, रेल्वे पोलिसांची नोंद आणि दवाखान्याचा कागद, हे तीन लागतात. त्या दवाखान्याच्या कागदावर नुसतं 'पडल्यामुळे' असं लिहिलं आणि रेल्वेचा शब्दच नसला तर काय होईल, तुम्हीच बघा.

विमा असेल तर

काही ताईंच्या मुलांना कंपनीकडून विमा असतो, काहींनी स्वतः काढलेला असतो. खांद्याच्या बाबतीत दावा तीन कारणांनी नाकारला जातो.

पहिलं कारण, २४ तास दाखल नव्हता. विमा साधारणपणे २४ तास दाखल झाल्यावरच लागू होतो. त्याहून कमी वेळात होणाऱ्या ठरावीक इलाजांना डे केअर म्हणून सूट असते, पण बाह्यरुग्ण विभागात होणारं काम त्यात धरत नाहीत. म्हणून खांदा बसवताना भूल दिली होती का, कुठे बसवला, किती वाजता दाखल झालात, हे सुटीच्या कागदावर लिहिलेलं हवं. काही एजंट सांगतात, गरज नसली तरी एक रात्र राहा, पैसे मिळतील. माझा सल्ला आहे, अजिबात राहू नका. दाखल करण्याची गरज नव्हती असं म्हणून कंपनीने दावा फेटाळला तर खाटेचे पैसेही आपल्याच अंगावर येतात.

दुसरं कारण तो कोड. पॉलिसी नवी असेल तर पहिल्या ३० दिवसांत आजाराचे पैसे मिळत नाहीत, पण अपघाताचे मिळतात. आधीपासून असलेल्या आजाराला तर तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आता समजा, मुलगा पहिल्यांदाच पडला आणि खांदा निखळला, पण कोणीतरी घाईत 'पुन्हा पुन्हा निखळतो' असं लिहिलं. कंपनी म्हणणार हा जुना आजार. सुटी घेताना कागद वाचायचा, इंग्रजी येत नसेल तर शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्यायचा, आणि चूक असेल तर तिथेच डॉक्टरांकडून दुरुस्त करून सही घ्यायची. मात्र खांदा याआधी खरंच दोनदा निखळला असेल तर ते लपवू नका. जुने कागद निघतातच, आणि मग सगळी पॉलिसीच धोक्यात येते.

तिसरं, अपघाताची पोलीस नोंद नाही. दवाखान्यात तिला एमएलसी म्हणतात. घाबरून लोक नको म्हणतात. नोंद झाली म्हणजे तुमच्यावर केस झाली असं नसतं.

दावा फेटाळला तर कंपनीकडून लेखी कारण घ्या आणि कंपनीकडेच लेखी तक्रार करा. एका महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर ठाण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही.

आणि एक गैरसमज. आपल्या बहुतेक ताईंच्या खात्यातून दरवर्षी २० रुपये कापले जातात, ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना. "विमा आहे ना माझा," असं त्या सांगतात. ती अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी आहे, २ लाख आणि १ लाख. दवाखान्याचं बिल ती देत नाही. चालू ठेवाच, पण तिच्या भरवशावर खासगीत दाखल होऊ नका.

कागद घेऊनच घरी या

सुटीचा कागद, तपशीलवार बिल, पैसे भरल्याच्या सगळ्या पावत्या, दोन्ही एक्स-रे अहवालासकट, औषधांच्या चिठ्ठ्या. एका पिशवीत घाला, रेशनकार्डाजवळ ठेवा. राहून गेलं असेल तर लेखी अर्ज करा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत डॉक्टरांनी कागद द्यायचे असतात आणि दाखल पेशंटचे कागद तीन वर्षं सांभाळायचे असतात. एक्स-रे खरा ठेवून घ्यायचा, फोटोवर समाधान मानायचं नाही.

बिलाची तक्रार आधी दवाखान्याच्या व्यवस्थापनाकडे लेखी द्या, पोच घ्या. शहरातला खासगी दवाखाना असेल तर महापालिकेच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याकडे जाता येतं. पैसे परत मिळवायचे असतील तर ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत जायचं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर आधी विचारून घ्या, हिंदी-मराठीत बोलतात.

आता गटाचं. दवाखान्यासाठी कर्ज मागणी आली की ती थांबवायची नाही, माणूस आधी. पण ठरावाच्या वेळी दोन प्रश्न विचारा: आरोग्यमित्राला भेटलात का, आणि तपशीलवार बिल मागितलं का? ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असेल तर अगदी अडचणीतल्या घराला आधी तो द्या, गटाचं अंतर्गत कर्ज नंतर. पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकीने रेशनकार्ड आणि आधार आणा. दोन्हींवरची नावं जुळतात का ते मी आणि सीआरपी ताई बसून बघणार आहोत. लग्नानंतर आधारवर नाव बदललं आणि रेशनकार्डावर माहेरचंच राहिलं, अशा ताई प्रत्येक गटात आहेत. ज्यांच्याकडे दवाखान्याचं एखादं जुनं बिल असेल त्यांनी तेही आणा, आपण सगळ्या मिळून ओळीने वाचू.